पॅक-१२ का फुटली? अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या फेरमांडणीची गोष्ट

४ ऑगस्ट २०२३, शुक्रवार. अमेरिकेच्या पश्चिमेकडची नऊ विद्यापीठं त्या सकाळी एका करारावर सह्या करणार होती. आपले फुटबॉल सामने ॲपलच्या स्ट्रीमिंग सेवेवर दाखवायचे, असा तो करार होता. सह्या झाल्याच नाहीत. वॉशिंग्टन आणि ओरेगन या दोन मोठ्या विद्यापीठांनी आपण पॅक-१२ हा या नऊ जणांचा गट सोडून बिग टेन या दुसऱ्या गटात जात असल्याचं त्याच दिवशी जाहीर केलं. रात्रीपर्यंत ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि यूटा ही तिघं बिग ट्वेल्व्ह या तिसऱ्या गटाच्या वाटेला लागली. जिची मुळं १९१५ पर्यंत जातात त्या पॅक-१२ मध्ये दिवस मावळताना चार विद्यापीठं उरली होती.

आपल्याकडची कितीतरी मुलं ॲरिझोना स्टेट, पर्ड्यू, टेक्सस ए अँड एम, यूएससी अशा विद्यापीठांत एमएस करायला जातात. शनिवार आला की सगळं गाव एका रंगाचे टीशर्ट घालून स्टेडियमकडे निघतं, हे ती घरी फोनवर सांगतात. पण शेजारच्या राज्यातला जुना प्रतिस्पर्धी सोडून आपला संघ एकदम तीन हजार किलोमीटरवर खेळायला का जातो, हे तिथे राहणाऱ्यालाही पटकन कळत नाही. त्याचं उत्तर खेळात सापडत नाही. ते टीव्हीच्या करारांत आहे. आणि माझं म्हणणं असं की या करारांनी फुटबॉलचा नकाशा बदलला एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. त्यांनी बाकी सगळ्या खेळांनाही विनाकारण सोबत ओढलं.

कॉन्फरन्स म्हणजे नेमकं काय

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. हेल्मेट, खांद्यांवर पॅड, लंबगोल चेंडू. खेळणारे विद्यार्थी असतात, पण बघायला येणारी गर्दी कुठल्याही व्यावसायिक लीगला लाजवेल अशी. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता एक लाख सात हजारांच्या वर आहे. सर्वांत वरच्या स्तरावर सुमारे १३५ विद्यापीठं खेळतात आणि ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत प्रत्येक संघाचे बारा सामने होतात.

इतक्या संघांची एक लीग होऊ शकत नाही. म्हणून विद्यापीठं गटागटाने एकत्र येतात. त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. बारांपैकी आठ-नऊ सामने आपल्या कॉन्फरन्समधल्या संघांशी, उरलेले बाहेरच्यांशी. कॉन्फरन्स वेळापत्रक ठरवते, पंच नेमते, आपला विजेता ठरवते. याहून महत्त्वाचं काम म्हणजे सगळ्या सदस्यांच्या सामन्यांचे टीव्ही हक्क एकगठ्ठा विकून आलेला पैसा वाटणं.

मग एनसीएए काय करते, असा प्रश्न साहजिक आहे. कॉलेज खेळांची ही देशव्यापी संस्था १९०६ पासून आहे. नियम करणं, पात्रता तपासणं हे तिचं काम. बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा तिच्या मालकीची आहे आणि तिचा बहुतेक पैसा तिथूनच येतो. वरच्या स्तराच्या फुटबॉलची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा मात्र तिची नाही. ती कॉन्फरन्सेस आणि नोटर डेम विद्यापीठ मिळून चालवतात. म्हणजे या खेळाला वरती मालकच नाही. कुणी कुठल्या गटात जावं, कुणी जाऊ नये, हे सांगणारं कुणी नाही.

सुरुवातीला तसं कुणी लागतही नव्हतं, कारण ते काम आगगाडीचं अंतर करत होतं. १८९६ मध्ये शिकागोच्या आसपासच्या सात विद्यापीठांनी मिळून जी कॉन्फरन्स काढली ती पुढे बिग टेन म्हणून ओळखली जाऊ लागली. दक्षिणेतल्या विद्यापीठांनी १९३२ मध्ये एसईसी स्थापन केली. जवळच्यांशी दरवर्षी खेळायचं, एवढा साधा हिशोब. त्यातून पिढ्यानपिढ्यांची चुरस तयार झाली. पर्ड्यू आणि इंडियाना या एकाच राज्यातल्या दोन विद्यापीठांचं उदाहरण घ्या. त्यांच्या सामन्याचा चषक म्हणजे ओकच्या लाकडाची एक जुनी विहिरीची बादली. १९२५ पासून दरवर्षी जिंकणाऱ्याच्या आद्याक्षराची धातूची कडी तिच्या साखळीत ओवतात, पर्ड्यूसाठी ‘पी’ आणि इंडियानासाठी ‘आय’. ती साखळी आता भलतीच लांब झाली आहे. कॉन्फरन्सचा खरा अर्थ त्या भागातल्या माणसांना त्या साखळीतून कळतो. टीव्ही हक्कांचा करार त्यांच्यातल्या कुणी पाहिलेलाही नसतो.

१९८४ चा निकाल

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून टीव्हीवर कुठला सामना दाखवायचा हे एनसीएए ठरवत होती. लोक घरी बसून सामना बघायला लागले तर स्टेडियम ओस पडतील, अशी तेव्हा भीती होती. म्हणून टीव्हीवर मोजकेच सामने, आणि एका संघाला दोन वर्षांत सहाहून जास्त वेळा पडद्यावर येता येणार नाही, अशी बंधनं. लहान विद्यापीठांना त्यातून थोडं थोडं मिळत राहायचं. मोठ्यांची मात्र घुसमट होत होती: लोकांना आम्हाला बघायचंय, आणि आमचाच सामना विकायला आम्हाला परवानगी नाही.

ओक्लाहोमा आणि जॉर्जिया ही दोन विद्यापीठं न्यायालयात गेली. जून १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ अशा मतांनी निकाल दिला की एनसीएएची ही पद्धत मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करते. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः तरुणपणी कोलोरॅडो विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉलपटू होते. विद्यापीठातला खेळ हा शिक्षणाचा भाग आहे, त्याला निव्वळ धंद्याच्या मापाने मोजू नका, हा त्यांच्या मताचा गाभा. कायद्याच्या दृष्टीने बहुमत बरोबर असेलही, पण पुढच्या चाळीस वर्षांत जे झालं ते पाहिलं की व्हाइट यांना धोका किती आधी दिसला होता हे जाणवतं.

निकालानंतर सामने विकण्याचा हक्क विद्यापीठांकडे आला. गंमत अशी की सुरुवातीला भाव पडले, कारण बाजारात एकदम ढीगभर सामने आले. नोटर डेमसारखं देशभर चाहते असलेलं विद्यापीठ एकटं उभं राहू शकलं. एनबीसी या टीव्ही वाहिनीबरोबरचा त्याचा स्वतंत्र करार १९९१ पासून आजतागायत चालू आहे. बाकीच्यांना गट करूनच विकणं भाग होतं. आणि गटाने विकायचं म्हटलं की गटात कोण असावं हा प्रश्न लगेच पैशाचा होतो.

एसईसीने हे सर्वांत आधी ओळखलं. बारा संघ असलेल्या आणि दोन विभागांत वाटलेल्या कॉन्फरन्सला एक जादाचा अंतिम सामना घेता येतो, अशी एक तरतूद एनसीएएच्या नियमांत होती. तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. एसईसीचे आयुक्त रॉय क्रेमर यांनी ती हेरली. आरकान्सा आणि साउथ कॅरोलायना यांना घेऊन दहाचे बारा केले आणि डिसेंबर १९९२ मध्ये अलाबामा विरुद्ध फ्लोरिडा असा पहिला अंतिम सामना भरवला. अलाबामा २८-२१ ने जिंकलं. हा सामना टीव्हीला विकता येतो म्हटल्यावर बाकीच्यांनाही बारा संघ हवेसे झाले.

आरकान्सा ज्या साउथवेस्ट कॉन्फरन्समधून निघालं तिचा शेवट लवकर झाला. आरकान्सा गेल्यावर तिथे फक्त टेक्ससमधली आठ विद्यापीठं उरली, म्हणजे टीव्हीच्या दृष्टीने एकाच राज्याची बाजारपेठ. त्यातल्या चौघांनी १९९४ मध्ये शेजारच्या बिग एटशी हातमिळवणी करून बिग ट्वेल्व्ह काढायचं ठरवलं. टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम हवेच होते. बेलर आणि टेक्सस टेक यांची वर्णी कशी लागली, हा तिथे आजही चघळला जाणारा विषय आहे. तेव्हाच्या गव्हर्नर ॲन रिचर्ड्स बेलरच्या माजी विद्यार्थिनी होत्या, आणि लेफ्टनंट गव्हर्नर बॉब बुलक टेक्सस टेक आणि बेलर या दोन्हींचे विद्यार्थी. १९९६ मध्ये जुनी कॉन्फरन्स मिटली तेव्हा एसएमयू, टीसीयू, राइस आणि ह्यूस्टन बाहेर राहिले. टीसीयूला मोठ्या गटात परत यायला २०१२ उजाडलं, ह्यूस्टनला २०२३, एसएमयूला २०२४. राइस अजून बाहेरच आहे. एका करारातून सुटलेल्या विद्यापीठाला परतायला एक पिढी लागते, ती अशी.

केबलचे पैसे, मग नावाचे पैसे

२००७ मध्ये बिग टेनने फॉक्सबरोबर भागीदारीत स्वतःचं चॅनेल सुरू केलं. त्याचं गणित समजून घेतलं की पुढची बरीच कोडी सुटतात. केबलच्या नेहमीच्या पॅकेजमध्ये चॅनेल आलं की प्रत्येक घरामागे दर महिन्याला चॅनेलला पैसे मिळतात, त्या घरातलं कुणी फुटबॉल बघो न बघो. शिवाय ज्या राज्यात कॉन्फरन्सचं विद्यापीठ आहे तिथे हा दर बराच जास्त. म्हणजे नव्या राज्यातलं एक विद्यापीठ घेतलं की त्या राज्यातली लाखो घरं एका फटक्यात जास्त दराच्या यादीत येतात.

२०१४ मध्ये बिग टेनने मेरीलँड आणि न्यू जर्सीतलं रटगर्स घेतलं ते यामुळे. फुटबॉलमध्ये दोघांचाही दबदबा नव्हता. पण मेरीलँडबरोबर राजधानी वॉशिंग्टन आणि बॉल्टिमोरच्या परिसरातली घरं आली, आणि रटगर्सबरोबर न्यूयॉर्कच्या पट्ट्यातली.

टेक्ससने दुसरी वाट धरली. ईएसपीएनने त्या एकट्या विद्यापीठासाठी २०११ मध्ये वेगळं चॅनेल काढलं. करार वीस वर्षांचा, ३० कोटी डॉलरचा. बिग ट्वेल्व्हमधल्या बाकीच्यांना हे अर्थातच रुचलं नाही. त्या वर्षा-दोन वर्षांत नेब्रास्का बिग टेनमध्ये गेलं, कोलोरॅडो पॅक-१२ मध्ये, टेक्सस ए अँड एम आणि मिझुरी एसईसीत. टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम यांचा थँक्सगिव्हिंगच्या सुमाराचा सामना त्यामुळे २०११ नंतर बंद पडला, तो थेट २०२४ मध्ये सुरू झाला. तेरा वर्षं! शेवटचा सामना बघितलेली शाळकरी पोरं मधल्या काळात कॉलेज संपवून नोकरीला लागली.

मग लोकांनी केबल तोडायला सुरुवात केली आणि घरं मोजण्याचं गणित मोडलं. आता किंमत आली ती ज्या सामन्यासाठी लाखो लोक ठरवून टीव्हीसमोर बसतात त्या सामन्याला. मालिका लोक सवडीने बघतात, खेळ मात्र चालू असतानाच बघतात. जाहिरातदारांना म्हणूनच तो हवा असतो. अशा सामन्याला दोन्ही बाजूंनी मोठं नाव लागतं. जुलै २०२१ मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा यांनी एसईसीकडे जायचं जाहीर केलं ते या नव्या हिशोबाने. त्यांना बिग ट्वेल्व्हमधून एक वर्ष आधी सुटायचं होतं, त्यासाठी दोघांनी मिळून १० कोटी डॉलर मोजले. बिग टेनचं उत्तर ३० जून २०२२ ला आलं: लॉस एंजेलिसची यूएससी आणि यूसीएलए आमच्याकडे. पुढच्याच महिन्यांत फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या तिघांशी बिग टेनने सात वर्षांसाठी ७०० कोटी डॉलरहून मोठा करार केला. दुपारचा पहिला सामना फॉक्सवर, दुसरा सीबीएसवर, रात्रीचा एनबीसीवर. अख्खा शनिवार बिग टेनचा.

पॅक-१२ चा शेवट

पॅक-१२ स्वतःला विजेत्यांची कॉन्फरन्स म्हणवून घ्यायची, आणि ते खरंही होतं. सगळे खेळ मिळून पाचशेहून जास्त एनसीएए विजेतेपदं दुसऱ्या कुठल्याही कॉन्फरन्सच्या नावावर नव्हती. जलतरण, व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, टेनिस, ॲथलेटिक्स. ऑलिंपिकला जाणारी मुलं घडवणारी ही विद्यापीठं.

पैशाच्या बाबतीत मात्र चुकत गेलं. २०१२ मध्ये पॅक-१२ ने आपलं चॅनेल काढलं, तेही कुणा प्रसारण कंपनीला भागीदार न घेता. पूर्ण मालकी आपली, हा त्यामागचा अभिमान. पण चॅनेल घरोघरी पोचवण्यासाठी वाटाघाटी करायला मागे मोठी कंपनी नव्हती. डायरेक्टटीव्हीसारख्या मोठ्या सेवेवर ते कधीच आलं नाही. बिग टेन आणि एसईसीपेक्षा सदस्यांना मिळणारा वाटा वर्षागणिक मागे पडत गेला. यूएससी आणि यूसीएलए निघून गेले ते या पार्श्वभूमीवर, आणि त्यांच्याबरोबर लॉस एंजेलिसची बाजारपेठही गेली.

उरलेल्या दहा जणांसाठी नवा करार करायचा होता. तिथल्या वृत्तपत्रांतल्या बातम्यांनुसार ईएसपीएनने प्रत्येक विद्यापीठामागे वर्षाला सुमारे ३ कोटी डॉलर देऊ केले होते, आणि पॅक-१२ ने ५ कोटी मागितले. बोलणं तिथेच फिसकटलं. तेवढ्यात, ऑक्टोबर २०२२ मध्ये, बिग ट्वेल्व्हचे नवे आयुक्त ब्रेट योरमार्क यांनी आपला करार मुदतीआधीच वाढवून घेतला: ईएसपीएन आणि फॉक्सकडून सहा वर्षांसाठी २२८ कोटी डॉलर, म्हणजे प्रत्येक विद्यापीठाला सरासरी ३.१७ कोटी. प्रसारण कंपन्यांच्या तिजोरीतला आणि वेळापत्रकातला मोठा भाग तिथे गेला. रांगेत पुढे असलेली पॅक-१२ मागे राहिली. मला विचाराल तर तो महिना निर्णायक होता. ऑगस्टमध्ये झाली ती नुसती औपचारिकता.

जुलै २०२३ च्या अखेरीस कोलोरॅडो बिग ट्वेल्व्हकडे परतलं. अखेर ॲपलचा जो प्रस्ताव आला त्यात हमीची रक्कम बिग ट्वेल्व्हपेक्षा कमी होती आणि वरचा पैसा किती ग्राहक वर्गणी भरतात यावर अवलंबून होता. ओरेगन आणि वॉशिंग्टन यांनी बिग टेनमध्ये जाताना जुन्या सदस्यांच्या जवळपास निम्मा वाटा स्वीकारला, वर्षाला सुमारे ३ कोटी डॉलर. अनिश्चित करारापेक्षा निम्म्या वाट्याची खात्री बरी, असा त्यांनी विचार केला.

महिनाभराने स्टॅनफर्ड आणि बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ एसीसीमध्ये गेले. एसीसी ही अटलांटिक किनाऱ्याची कॉन्फरन्स. स्टॅनफर्डपासून बॉस्टन कॉलेज चार हजार किलोमीटरहून दूर आहे. या दोघांनीही बरीच वर्षं कमी वाटा मान्य केला. त्यांच्याबरोबर आलेल्या एसएमयूने तर नऊ वर्षं टीव्हीचा वाटा नकोच असं सांगितलं. त्याचे धनाढ्य माजी विद्यार्थी खर्च उचलायला तयार होते. पहिल्याच हंगामात एसएमयू एसीसीच्या अंतिम सामन्यात आणि राष्ट्रीय प्लेऑफमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या स्पर्धेत, पोचलं.

राहिली दोन: ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

यांचं फुटबॉल कमी दर्जाचं होतं म्हणून ती राहिली, असं कुणी म्हणालं तर २३ सप्टेंबर २०२३ चा सामना दाखवावा. त्या शनिवारी ही दोन विद्यापीठं पुलमनमध्ये एकमेकांशी खेळली. दोन्ही संघ देशातल्या पहिल्या पंचवीसमध्ये होते. वॉशिंग्टन स्टेट ३८-३५ ने जिंकलं. पुलमन हे गव्हाच्या शेतांमधलं छोटं गाव. विद्यापीठ वजा केलं तर तिथे फारसं काही उरणार नाही. ओरेगन स्टेटचं कॉर्व्हॅलिसही तसंच विद्यापीठाचं गाव. तिथल्या स्टेडियमचं सुमारे १६ कोटी डॉलरचं नूतनीकरण पुरं होऊन सप्टेंबरमध्ये ते खुलं झालं. कॉन्फरन्स बुडून तेव्हा जेमतेम महिना झाला होता. दोन्ही गावांची टीव्हीची बाजारपेठ लहान, एवढाच त्यांचा दोष.

त्या दोघांनी कोर्टात धाव घेतली. दहा जण निघून जात आहेत, तेव्हा संचालक मंडळावर मतं आमची, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि वॉशिंग्टन राज्याच्या न्यायालयांत ते टिकलं. पॅक-१२ चं नाव आणि बराचसा पैसा त्यांच्या हाती राहिला. दोन हंगाम त्यांनी दोनच संघांची कॉन्फरन्स चालवली. वरच्या स्तरावर राहायला आठ सदस्य लागतात, म्हणून बॉइझी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोरॅडो स्टेट आणि यूटा स्टेट यांना माउंटन वेस्ट कॉन्फरन्समधून, टेक्सस स्टेटला सन बेल्ट कॉन्फरन्समधून, आणि फुटबॉल न खेळणाऱ्या गोंझागाला बास्केटबॉलसाठी घेऊन १ जुलै २०२६ पासून नवी पॅक-१२ उभी करायचं ठरलं. आपल्यावर जे गुदरलं तेच त्यांनी माउंटन वेस्टवर आणलं, हे नाकारता येत नाही. या व्यवस्थेत तगून राहायचा दुसरा मार्गही त्यांच्यापुढे नव्हता.

बाहेर पडणं इतकं महाग का

विद्यापीठाला कॉन्फरन्स सोडायची तर दोन अडसर असतात. पहिला, बाहेर पडण्याची फी. ती नियमांत लिहिलेली असते आणि बहुधा घासाघीस होऊन कमी होते. मेरीलँडकडे एसीसीने ५ कोटींहून जास्त मागितले होते, तडजोड ३ कोटी १४ लाख डॉलरवर झाली. दुसरा अडसर जास्त भक्कम: हक्क-हस्तांतराचा करार. यात विद्यापीठ आपल्या घरच्या मैदानावरच्या सामन्यांचे टीव्ही हक्क ठरावीक वर्षांसाठी कॉन्फरन्सला लिहून देतं. जमीन आपल्याच नावावर असावी, पण पुढच्या वीस वर्षांचं पीक दुसऱ्याला लिहून दिलेलं असावं, तसं हे आहे. विद्यापीठ दुसऱ्या गटात गेलं तरी त्याच्या सामन्यांचा पैसा जुन्याच गटाला मिळणार. मग नव्या गटाने त्याला घ्यावं कशाला?

मेरीलँड निघून गेल्यावर एसीसीने २०१३ मध्ये असाच करार सदस्यांकडून करून घेतला आणि २०१६ मध्ये तो २०३६ पर्यंत वाढवला. तेव्हा तो सुरक्षित वाटला. पण एसईसी आणि बिग टेनचे नवे करार आले तशी दरी रुंदावली आणि फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन यांना तो जाचायला लागला. डिसेंबर २०२३ मध्ये एकही सामना न हरता कॉन्फरन्स जिंकूनही फ्लोरिडा स्टेटला चार संघांच्या प्लेऑफमध्ये घेतलं नाही. त्याच महिन्यात प्रकरण न्यायालयात गेलं. मार्च २०२४ मध्ये क्लेमसननेही दावा लावला. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली. ज्याचे सामने जास्त बघितले जातात त्याला पैशाचा जास्त वाटा, आणि बाहेर पडण्याची किंमत दरवर्षी कमी होत जाणार.

भुर्दंड कुणाला

फुटबॉल संघाचे वर्षाला पाच-सहा सामने परक्या मैदानावर असतात. ते शनिवारी, आणि प्रवास खास विमानाने. त्यांना लांबचं अंतर झेपतं. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, बेसबॉल, बास्केटबॉल यांचे सामने कितीतरी जास्त असतात, तेही आठवड्याच्या मधल्या दिवसांत. सिएटलहून न्यू जर्सीपर्यंत साडेतीन-चार हजार किलोमीटर, घड्याळात तीन तासांचा फरक, आणि परतल्यावर सकाळी तास किंवा परीक्षा. या मुलामुलींच्या सामन्यांसाठी ७०० कोटींचा करार कुणी केलेला नाही. तरी त्याची शिक्षा त्यांना.

हे टाळता आलं असतं, आणि म्हणून ते जास्त खटकतं. नोटर डेम फुटबॉलमध्ये स्वतंत्र आहे आणि बहुतेक बाकी खेळ एसीसीत खेळतं; कित्येक वर्षं हे सुरळीत चालू आहे. ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट यांनी अडचणीत सापडल्यावर हेच केलं, फुटबॉल बाजूला ठेवून बरेच खेळ जवळपासच्या वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळले. यूसीएलएचे तेव्हाचे फुटबॉल प्रशिक्षक चिप केली यांनीही फुटबॉल वेगळं काढा, बाकी खेळ जुन्या शेजाऱ्यांशी खेळू द्या, असं मांडलं होतं. टीव्हीला हवा तो फुटबॉलचा नकाशा काढा, व्हॉलीबॉल संघाला मात्र तीन तासांच्या अंतरावरचं शेजारचं विद्यापीठ राहू द्या. याला कायद्याची आडकाठी नाही, पैशाचीही फारशी नाही. फक्त कुणी ते मनावर घेतलेलं नाही.

जुन्या लढती गेल्या, त्यांचं दुःख वेगळं. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांचा शंभराहून जास्त वर्षांचा सिलसिला नोव्हेंबर २०२३ मध्ये थांबला. शेवटचा सामना ओक्लाहोमा स्टेटने २७-२४ ने जिंकला. आणि रोज बोल. नववर्षाच्या दिवशी पॅसाडेनाच्या त्या मैदानावर बिग टेनचा आणि पश्चिम किनाऱ्याचा विजेता एकमेकांना भिडायचे, ही १९४७ पासूनची रीत होती. १ जानेवारी २०२५ ला तिथे ओहायो स्टेट आणि ओरेगन खेळले. दोघंही बिग टेनचे.

पुढची फेरी

पैशाची भूक कमी होण्याची चिन्हं नाहीत, उलट आता तिला एक रास्त कारणही आहे. इतकी वर्षं खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळत नव्हतं. जुलै २०२१ पासून त्यांना स्वतःच्या नावाच्या जाहिरातींतून कमावता येऊ लागलं. जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे २ कोटी ५ लाख डॉलर. शिवाय जुन्या खेळाडूंची सुमारे २८० कोटी डॉलरची भरपाई. हा पैसा खेळाडूंना आधीच मिळायला हवा होता. पण तो देण्यासाठी प्रत्येक विद्यापीठाला वरच्या दोन कॉन्फरन्सेसच्या पंक्तीत बसावंसं वाटणार, हेही उघड आहे. प्लेऑफ २०२४ पासून बारा संघांची झाली आणि तिचे हक्क ईएसपीएनने वर्षाला १३० कोटी डॉलरला घेतले आहेत. त्यातलाही मोठा वाटा बिग टेन आणि एसईसीकडे जातो.

पुढची मोठी हालचाल केव्हा होईल याचा अंदाज करारांच्या तारखांवरून बांधता येतो. बिग टेनचा करार २०३० मध्ये संपतो, बिग ट्वेल्व्हचा २०३१ मध्ये, प्लेऑफचा त्यानंतरच्या वर्षी. त्याच सुमाराला एसीसीतून बाहेर पडण्याची किंमतही तळाला येते. २०२६ मध्ये १६.५ कोटी डॉलर असलेली ही रक्कम २०३०-३१ मध्ये ७.५ कोटींवर आलेली असेल. फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसनने तडजोडीवर सही करताना हा आकडा नक्कीच दोनदा वाचला असणार.